मुंबईहून दोन दिवस जुन्नरला, दगड बघायला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दादरला राहतो. गेली बरीच वर्षं सुट्टी मिळाली की जुन्नरच्या बाजूला पळतो, आणि दर वेळी परत आल्यावर ऑफिसात, सोसायटीत, लग्नाच्या पंगतीत तेच ते प्रश्न येतात. तोंडी सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून एकदाचं लिहून काढलंय. यात हॉटेलांची यादी नाही. दगड कुठे, कसा आणि कोणत्या क्रमाने बघावा, एवढंच आहे.

दगड बघायला इतक्या लांब कशाला? आपल्याकडे घारापुरी आणि कान्हेरी आहेत की.

आहेत, आणि त्या आधी बघा. जुन्नर ही त्याच गोष्टीची पुढची अर्धी बाजू आहे. कान्हेरीच्या शिलालेखांमध्ये कल्याण आणि सोपाऱ्याचे (आजचं नालासोपारा) दाते सापडतात. या बंदरांत उतरलेला माल घाट चढून वर जायचा, आणि वर पोचल्यावर पहिलं मोठं गाव लागायचं ते जुन्नर. व्यापाऱ्यांकडे पैसा होता, भिक्खूंना पावसाळ्यात डोक्यावर छप्पर हवं होतं आणि डोंगर काळ्या कातळाचा होता. त्यातून एका गावाच्या चारही अंगांच्या डोंगरांत मिळून दोनशेच्या आसपास लेणी कोरली गेली. मुख्य काम इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आगेमागे सुरू होऊन इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापर्यंत चाललं.

जुन्नरजवळच्या लेण्याद्रीच्या चैत्यगृहावरचा, म्हणजे स्तूप असलेल्या पूजेच्या दालनावरचा, लेख मला फार आवडतो. कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने हे चैत्यघर दान दिलं, एवढाच त्याचा मजकूर. हेरणिक म्हणजे सोनार किंवा खजिनदार. थोडक्यात, मध्य रेल्वेवरचा एक माणूस दोन हजार वर्षांपूर्वी इथे येऊन देणगी देऊन गेला. आपण विकएंडला जातो ते त्याच्याच रस्त्याने.

नेमकं किती लांब? कुठल्या रस्त्याने जायचं?

कल्याणहून मुरबाड, टोकावडे, माळशेज घाट, मढ आणि बनकर फाट्यावरून गणेशखिंडीतून जुन्नर. कल्याणपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास धरा. दादरहून पहाटे साडेपाचला निघालात तर चहा-नाश्ता धरून दहा-साडेदहाला पोचता. सातला निघालात तर कल्याण-शीळ भागातच दिवस चढतो.

दुसरा रस्ता द्रुतगती मार्गाने तळेगाव-चाकण करून नारायणगावमार्गे. घाटात गाडी चालवायची भीती वाटते त्यांनी तो घ्यावा. लांब पडतो आणि चाकणला अडकवतो. मी माळशेजच पसंत करतो, पण भर पावसात नाही. त्याचं पुढे सांगतो.

गाडी नाही. एसटीने जमेल का?

उत्तम जमेल. कल्याण स्टेशनाबाहेर पडलं की एसटी स्टँड. माळशेजवरून जुन्नर, आळेफाटा, अहिल्यानगरकडे जाणाऱ्या गाड्या तिथून सुटतात. वेळापत्रक आदल्या दिवशी विचारून घ्या, कारण ते बदलतं. जुन्नरला रेल्वे नाही. गावात उतरल्यावर जवळच्या लेण्यांसाठी रिक्षा मिळते आणि लांबच्या ठिकाणांसाठी दिवसभराची जीप ठरवता येते. चौघं असाल तर जीप स्वस्त पडते.

एका दिवसात उरकता येईल?

"उरकता" हा शब्द मनात आला असेल तर येईल. पहाटे निघून लेण्याद्री आणि शिवनेरी करून रात्री घरी. लोक करतात, आणि दुसऱ्या दिवशी "पायऱ्याच पायऱ्या होत्या" असं सांगतात.

मग दोन दिवस कसे लावावेत?

माझा आग्रह एकच: जुन्नरमध्ये नाणेघाटातून शिरा. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी गाडी किंवा एसटी वैशाखऱ्याला सोडावी आणि घाट पायी चढावा. माळशेजच्या रस्त्यावर टोकावडे ओलांडलं की वैशाखरे येतं, पाटी दिसते. चढायला अडीच-तीन तास पुरतात. वाट आधी झाडीतून जाते, मग वर जाता जाता पायाखाली बसवलेले दगड लागतात. जागोजागी पाण्याची कोरीव टाकी आहेत. बैलांच्या आणि गाढवांच्या पाठीवर ओझी लादून माणसं याच पायऱ्यांवरून गेली. शेवटच्या वळणावर लेणं आणि त्याच्या वर चिंचोळी खिंड. खिंडीतून बाहेर आलं की एकदम सपाट पठार, आणि तुम्ही देशावर असता. हे अंगाने कळावं लागतं. गाडीतून उतरून खिंड "बघायला" गेलं की ती नुसती खिंड दिसते.

वर घाटघरच्या बाजूला जीप आधीच सांगून ठेवायची. ती तुम्हाला कुकडेश्वर आणि चावंडमार्गे जुन्नरला सोडते. वाटेत जीवधन किल्ला आणि त्याच्या शेजारचा वानरलिंगीचा सुळका दिसतो. जीवधन चढायचा मोह त्या दिवशी टाळा. कुकडेश्वराला मात्र थांबायचंच. कुकडी नदी उगवते तिथेच, पूर गावात, हे शिवमंदिर आहे. शिलाहार राजांच्या काळातलं मानतात. शिखर आता नाही, बरेच दगड उतरवून पुन्हा रचलेले आहेत, आणि रचताना काहींची जागा चुकलीय की काय असं वाटत राहतं. दुपारी चारनंतर तिरप्या उन्हात भिंतीवरची नक्षी अशी काही उठून दिसते की बघत राहावं. पहिला दिवस इथे संपला तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला लेण्याद्री, गर्दीच्या आधी. नंतर तुळजा लेणी किंवा मानमोडी डोंगरावरची लेणी, दोन्हींपैकी एकच. शिवनेरी यात का नाही, असं सगळे विचारतात. शिवनेरीला स्वतंत्र दिवस द्या. महाराजांचं जन्मस्थान, सात दरवाजे, गंगा-जमुना टाकी, बदामी तलाव आणि किल्ल्याच्या कड्यात कोरलेली लेणी हे सगळं दोन तासांत कोंबायचं नसतं. १९ फेब्रुवारीच्या आसपास जाणार असाल तर शिवजयंतीच्या गर्दीत दगड दिसणार नाही, उत्सव दिसेल. तोही बघावा, पण तेवढ्यासाठीच जावं.

नाणेघाटातल्या लेण्यात बघायचं काय? आम्ही गेलो तर नुसतं अंधारं दालन दिसलं.

टॉर्च नेला नव्हता ना? टॉर्च समोरून मारू नका. भिंतीला चिकटवून बाजूने धरा, अक्षरं लगेच उठतात.

डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत मोठा लेख आहे. भाषा प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची पणजी. सातवाहन राणी नागनिकेचा हा लेख. पती सातकर्णीसोबत केलेले यज्ञ आणि प्रत्येक यज्ञाला दिलेली दक्षिणा त्यात आहे: इतक्या गाई, इतके घोडे, इतके कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी. म्हणजे एका अर्थी हिशेबाची वहीच. आणि हिशेब आला म्हणजे आकडे आले. भारतात ब्राह्मी अंक इतक्या संख्येने एकत्र दिसणाऱ्या सर्वांत जुन्या ठिकाणांपैकी हे एक. पुराणवस्तूंचे अभ्यासक भगवानलाल इंद्रजींनी १८७६ मध्ये या अंकांवर निबंध छापला. हे गृहस्थ मुंबईत वाळकेश्वरला राहायचे आणि पुढे १८८२ मध्ये सोपाऱ्याचा स्तूपही त्यांनीच उकरला. इंग्रजांपैकी कर्नल साईक्सने १८२८ मध्ये या लेण्याची नोंद केली होती, पण लेख लावण्याचं काम पुढच्यांनी केलं.

मागच्या भिंतीकडे बघा. तिथे राजघराण्याच्या पुतळ्यांची रांग होती. सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी, राजकुमार अशी नावं डोक्यावर कोरलेली आहेत. नावं राहिली, माणसं गेली. खाली फार तर पावलांच्या खुणा उरल्यात. मला हे संपूर्ण पुतळ्यांपेक्षा जास्त लागतं.

खिंडीच्या वरच्या तोंडाला मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकायचे, अशी परंपरा, आणि घाटाचं नावही त्यावरूनच पडलं म्हणतात. लोक त्यात हल्ली वेफर्सची पाकिटं टाकतात. कृपा करून टाकू नका.

लेण्याद्रीला गणपती सोडला तर रिकाम्या खोल्याच आहेत. अजिंठ्यासारखं काही का नाही?

कारण अजिंठ्याची चित्रं आणि वेरूळच्या मूर्ती बहुतेक नंतरच्या शतकांतल्या. जुन्नरची लेणी ज्या काळातली आहेत तेव्हा इकडे अजून बुद्धाची मूर्ती घडवत नव्हते. स्तूप हीच पूजेची वस्तू. म्हणून इथे चेहरे शोधायला गेलात तर हात हलवत याल. इथे बघायची ती सफाई: भिंतीचा ओळंबा, कोपऱ्याचा काटकोन, झोपायच्या ओट्याची कड.

गिरिजात्मज गणपती ज्या दालनात आहे ते मुळात भिक्खूंचं विहार, म्हणजे राहायची जागा. मध्ये एकही खांब नाही, आणि तीन बाजूंना मिळून वीस खोल्या. डोक्यावर अख्खा डोंगर आणि खाली टेकू नाही, हे लक्षात आलं की दर्शनाच्या रांगेत उभं राहून पण छताकडे बघितलं जातं. शेजारच्या चैत्यगृहात जा, म्हणजे सुलसदत्ताच्या. खांबांच्या पायाशी दगडी घट, माथ्यावर जनावरांच्या जोड्या. छताला लाकडी वासे असावेत तशा कमानी आहेत, पण त्या दगडाच्या. आधी लाकडात बांधायची सवय होती, ती हाताने दगडातही नेली. वाशांची तिथे काहीच गरज नव्हती. सुताराच्या कामाची नक्कल पाथरवटाने इतक्या मन लावून केलेली दुसरीकडे क्वचितच बघायला मिळते.

तुळजा लेण्यांतलं गोल चैत्यगृह तर चुकवूच नका. जुन्नरपासून तीन-चार किलोमीटरवर, पाडळीच्या बाजूला. बारा साधे अष्टकोनी खांब गोलात उभे, मध्ये स्तूप, वर घुमट. नक्षी जवळपास शून्य. पुढची बाजू ढासळलीय, त्यामुळे ऊन थेट आत येतं. तिथे दहा मिनिटं बोलणं बंद करून बसा, एवढंच सांगेन.

आणि एक: "लेणी" हा शब्दच या भिंतींवर आहे. लेखांमध्ये "लेण" असं येतं, पाण्याच्या टाक्याला "पोढि". दान देणाऱ्यांत धान्य व्यापाऱ्यांची श्रेणी, म्हणजे संघटना, आहे आणि यवन म्हणवणारे परदेशीही आहेत. मानमोडीवर क्षत्रप नहपान या शक राजाच्या अमात्याचा (मंत्र्याचा), अयमाचा, वर्ष ४६ चा लेख आहे. पाट्या वाचत हिंडल्यासारखं हिंडा. सोसायटीच्या गच्चीवर देणगीदारांची नावं असतात ना, त्याचीच ही जुनी आवृत्ती.

हे कोरलं कसं असेल? दगड तर लोखंडासारखा आहे.

हा बेसाल्ट, लाव्ह्याचे थर थंड होऊन झालेला, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. थर एकावर एक बसलेत. काही घट्ट, काही बुडबुड्यांची जाळी असलेले. कोरणाऱ्याला घट्ट थर हवा असतो आणि वर छताला भेग नको असते. म्हणून लेणी डोंगराच्या एकाच उंचीवर ओळीने दिसतात, रस्त्यावरच्या दुकानांसारखी. तो थर सांभाळत गेले.

काम वरून खाली व्हायचं. आधी छत, मग भिंती, शेवटी जमीन. त्यामुळे परांची बांधावी लागत नाही. घर बांधताना चुकलेली वीट काढता येते, इथे एकदा उडालेली कपची परत बसत नाही. मानमोडीवर अर्धवट सोडलेली कामं आहेत, ती मुद्दाम शोधा. पूर्ण लेण्यात टाकीचे (छिन्नीचे) घाव घासून टाकलेले असतात, अर्धवट लेण्यात ते आजही तसेच उघडे आहेत. घावांची तिरकी रेघ कुठे वळते तिथे माणूस बसून कुठे सरकला हेही कळतं.

कुकडेश्वर हेमाडपंती आहे का?

महाराष्ट्रात चुना न लावता दगडावर दगड बसवलेलं कुठलंही देऊळ दिसलं की लोक हेमाडपंती म्हणून मोकळे होतात. हेमाद्री पंडित तेराव्या शतकातला, देवगिरीच्या यादवांचा मंत्री. अंबरनाथचं देऊळ शके ९८२ चं, म्हणजे १०६० सालातलं. तेव्हा हेमाडपंताचा पत्ता नव्हता. ही पद्धत त्याच्या आधीपासून होती, नाव मात्र त्याला चिकटलं. जुन्नरला जायच्या आधीच्या रविवारी लोकलने अंबरनाथ करून या. तिथली भिंत डोळ्यांत बसली की कुकडेश्वरात काय हललंय ते तुमचं तुम्हालाच कळेल.

माळशेजच्या माथ्यावर खिरेश्वरला नागेश्वराचं देऊळ आहे, तेही याच कुळातलं. गाडीने येणाऱ्यांनी परतीच्या वाटेवर अर्धा तास काढावा. आत गेल्यावर आधी छत बघा. चौकटी पाडून त्यात कोरीवकाम केलंय.

गावात देवळाबाहेर शेंदूर फासलेले उभे दगड दिसतात, ते काय?

बहुतेक वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचे दगड. खालून वर वाचायचे. सर्वांत खाली लढाई किंवा पडलेला वीर, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात, वर तो शिवलिंगाची पूजा करतो, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेतोवर कीर्ती. खालच्या चौकटीत गाई असतील तर गुरं वाचवताना गेला असं समजावं. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला असेल तर ती सतीशिळा. गावकरी कुणी म्हसोबा म्हणतात, कुणी आणखी काही. दुरुस्त करायला जाऊ नका. त्यांच्या पूजेमुळेच ते दगड शाबूत राहिलेत, नाहीतर कधीच कुणाच्या बांधात गेले असते.

आईबाबा सोबत आहेत. गुडघे दुखतात. काय झेपेल?

कुकडेश्वर आणि खिरेश्वरला चढच नाही. नाणेघाटही वरून, घाटघरकडून गाडीने गेलात तर खिंडीच्या तोंडापर्यंत थोडंसंच चालणं. लेणं मात्र खिंडीतून खाली आहे, पायऱ्या ओबडधोबड आहेत, हात धरावा लागेल. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत पण त्या बांधलेल्या आणि रुंद. डोलीही मिळते. माझ्या आईने सत्तरीत चार ठिकाणी बसत, दोन ठिकाणी मला शिव्या घालत पार केल्या. तुळजा आणि मानमोडीची वाट निसरडी, घसाऱ्याची. वडीलधाऱ्यांना नेऊ नका.

कोणत्या महिन्यात जावं?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी. दगड कोरडा, ऊन तिरपं, हवा स्वच्छ. एप्रिल-मेमध्ये कातळ दहा वाजताच तापतो आणि मग त्याला हातही लावता येत नाही.

पावसाळ्याबद्दल लोक ऐकत नाहीत म्हणून सविस्तर लिहितो. जुलै-ऑगस्टमध्ये नाणेघाटात वाऱ्याने धबधबा उलटा उडतो, त्याचे व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरतात, आणि शनिवार-रविवारी अर्धी मुंबई आणि पाऊण पुणं तिथे उगवतं. धुक्यात लेख दिसत नाही, कड्याची कड तर नाहीच नाही. माळशेजला दरडी येतात. प्रशासन अनेकदा पर्यटनस्थळांवर बंदीचे आदेश काढतं, निघण्यापूर्वी तपासा. आम्ही एकदा जुलैत गेलो होतो. घाटात चार तास अडकलो, लेण्यात घोटाभर पाणी, आणि दगड म्हणून जे काही बघितलं ती समोर रस्त्यावर पडलेली दरड.

पाऊसच अनुभवायचा असेल तर सप्टेंबरच्या शेवटी, आणि शक्य झाल्यास मधल्या वारी जा.

मधमाश्या, बिबटे, माकडं... खरंच भीती आहे का?

मधमाश्यांची खरी भीती आहे. लेण्यांच्या कपाळपट्टीला आग्या मोहोळं लटकलेली असतात. अत्तर-डिओ लावून जाऊ नका, सिगारेट पेटवू नका, ओरडू नका, ड्रोनचा तर विचारही नको. मोहोळ उठलं तर चेहरा झाकून तिथून पळा, हातवारे करत उभे राहू नका.

बिबट्या जुन्नर तालुक्यात आहे आणि बराच आहे. उसामुळे त्याला लपायला घर मिळालं. माणिकडोहला जखमी-पकडलेल्या बिबट्यांचं निवारा केंद्रही आहे. पर्यटकाने एवढंच पाळायचं: अंधार पडल्यावर उसाच्या कडेने पायी फिरायचं नाही, लहान मुलांना पुढे पळू द्यायचं नाही, आणि रात्री आडोशाला जायचं असेल तर अंगणातला दिवा सोडून लांब जायचं नाही.

माकडं लेण्याद्रीची. पिशवीतलं केळं त्यांना तुमच्या आधी दिसतं.

खायला काय?

मासवडी. नावात मासा असला तरी पूर्ण शाकाहारी: बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, लसूण, कांद्याचं सारण, गुंडाळून माशासारखा आकार द्यायचा, वड्या कापायच्या आणि झणझणीत रश्श्यासोबत बाजरीच्या भाकरीशी खायच्या. जुन्नर, ओतूर, आळेफाटा या पट्ट्यात ती घरच्यासारखी मिळते. आधी फोन करून सांगितलं तर ताजी होते. दुपारी दोनला अचानक जाऊन मागितलीत तर सकाळची मिळेल.

घाटघरच्या बाजूला महादेव कोळी वस्त्या आहेत. तिथे घरगुती जेवण सांगून ठेवता येतं. हंगामात अंगणात हिरडा वाळत घातलेला दिसेल. तिथल्या घरांचं ते रोख उत्पन्न, त्यावर पाय देऊ नका.

राहायचं कुठे?

जुन्नर गावात साधी लॉज, आसपास कृषी पर्यटन केंद्रं, माळशेजच्या माथ्यावर पर्यटन विकास महामंडळाचं निवास. मी शेतातलं घर निवडतो. लेण्याद्रीच्या जवळ घेतलंत तर सकाळी सातला पायथ्याशी पोचता येतं, आणि तेवढंच महत्त्वाचं. अंगारकी किंवा संकष्टीला लागून विकएंड असेल तर महिनाभर आधी बघा.

तिथून दगडी पाटा-वरवंटा किंवा जातं आणता येईल?

येईल, पण आधी स्वतःच्या जिन्याचा विचार करा.

आठवडे बाजारात, जत्रेत आणि हमरस्त्याच्या कडेला पाटे, वरवंटे, खलबत्ते, उखळं, जाती मांडून बसलेली माणसं दिसतात. जुन्या मुंबईकरांना चाळीत दुपारी येणारी "पाट्याला टाकीऽऽ" ही हाक आठवत असेल. पाटा गुळगुळीत झाला की वाटण नीट होत नाही, म्हणून त्याला पुन्हा टाकी लावून खरखरीत करायचे. दहा मिनिटांचं काम, पण ते बघायला आम्ही पोरं गोळा व्हायचो. मिक्सर आले आणि ती हाक गेली.

घेताना असं बघा. नखाने किंवा नाण्याने टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर दगड अखंड. बद्द आवाज आला तर आत कुठे तडा आहे. जाळीदार, बारीक भोकांचा दगड नको, त्यात वाटण अडकतं आणि मसाल्याचा वास जात नाही. पाट्याच्या बुडाला हात फिरवा, डुगडुगतो का बघा. वरवंटा तुमच्या हातात बसायला हवा, दुकानदाराच्या नव्हे. घासाघीस जरूर करा, पण माणसाने उन्हात बसून दोन दिवस हातोडी मारलीय हे डोक्यात ठेवून करा. काळ्या पॉलिशने चमकवलेला पाटा शोभेचा समजायचा.

घरी आणल्यावर तांदूळ आणि जाडं मीठ वाटून टाकून द्यायचं. पांढरं वाटण करडं येतं, ती दगडाची भुकटी. पांढरं पांढरंच राहीपर्यंत, चार-पाच वेळा, हे करायचं. मगच चटणी. आमच्या घरी दुसऱ्याच वाटणाला घाई केली आणि आठ दिवस सगळ्यांच्या दाताखाली जुन्नर येत होतं.

तो पाटा मी एसटीने आणला होता. कंडक्टरने पिशवीला पाय लावून बघितला आणि विचारलं, "काय, बॉडी आहे का आत?" कल्याणला पूल चढताना मला पटलं की त्याचा प्रश्न रास्त होता. जातं घेणार असाल तर गाडी न्या.

अक्षरं नीट दिसावीत म्हणून खडू किंवा पाणी वापरलं तर चालेल?

नाही. खडू अक्षराच्या खाचेत बसतो, पुसताना कड झिजते, आणि पुढच्या माणसाला तुमचा खडूच वाचावा लागतो. बाजूने उजेड टाकणं पुरतं. संरक्षित स्मारकावर नाव कोरणं, रंगवणं, इजा करणं हा १९५८ च्या कायद्याखाली गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बदाम काढून आत दोघांची नावं लिहिणाऱ्यांना हे प्रेमाने सांगून बघितलंय. उपयोग होतोच असं नाही, पण कुणी बघतंय म्हटल्यावर पुढचा दगड वाचतो.

मुलं कंटाळतील का?

व्याख्यान दिलंत तर कंटाळतील. त्यांना काम द्या. पाण्याची टाकी मोजा, ओट्यावर झोपून उंची बघा, नाणेघाटातला ब्राह्मी आकडा वहीत उतरवून घ्या. आमच्या भाचीला अधिक चिन्हासारखा चार सापडला आणि मग तिने तासभर आम्हाला जेवायला जाऊ दिलं नाही.

रविवारी परत किती वाजता निघावं?

तीन. साडेतीनच्या पुढे नाहीच. माळशेज उजेडात उतरायचा आणि मुरबाडची गर्दी सुरू व्हायच्या आत कल्याण गाठायचं. एसटीने येणाऱ्यांनी शेवटच्या गाडीवर विसंबू नये, आधीची पकडावी, कारण रविवारी संध्याकाळी ती माळशेजवरूनच भरून येते आणि जुन्नरकरांपेक्षा ओले पर्यटकच तिच्यात जास्त असतात. कल्याणला उतरल्यावर सुलसदत्त घरी पोचलेला असायचा. आपल्याला अजून दादरपर्यंत उभं राहून जायचं असतं, मांडीशी पाटा घेऊन.